‘अपाक’चा शेरा उतरल्यानंतर: बालगृहातून बाहेर पडलेल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलीला इथं रेणुका म्हणू. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बालगृहात ती नवव्या वर्षी आली. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते, ती बालगृह सोडणाऱ्या मुलामुलींसोबत सोडण्याच्या आधी आणि नंतरही काम करते. आमची पहिली भेट जून महिन्यातली. तेव्हा ती सतरा वर्षं चार महिन्यांची होती, बारावी कला शाखेत होती आणि तिला पोलीस व्हायचं होतं. रोज पहाटे बालगृहाच्या आवारातच गोल गोल धावायची. बाहेर रस्त्यावर धावायला परवानगी नव्हती.

बाप कपाशीवाला शेतकरी. ती सात वर्षांची असताना त्यानं फवारणीचं औषध घेतलं. कर्ज बँकेचं नव्हतं, बिनपरवाना सावकाराचं होतं, म्हणून आत्महत्येचं प्रकरण ‘अपात्र’ ठरलं. पात्र ठरलं असतं तर वारसांना एक लाख मिळाले असते, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. आई पोरीला घेऊन माहेरी गेली आणि वर्षभरात काविळीनं तिथंच वारली. त्या मृत्यूची नोंद कुणी केली नाही. घरी मरण आलं, घरच्यांनी क्रियाकर्म केलं, ग्रामपंचायतीत जायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मामानं वर्षभर सांभाळलं, मग बाल कल्याण समितीसमोर आणून उभं केलं.

बापाच्या बाजूला एक मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आठ वर्षांत ते बालगृहात तीनदा आले होते. हे वहीत आहे.

अडचण

कायद्याच्या भाषेत अठरा पूर्ण झाले की बालक संपतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६ सांगतं की अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्याला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक मदत देता येईल. नियमांत हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवाद म्हणून तेविसापर्यंत आहे. सरकारी भाषेत याला अनुरक्षण म्हणतात. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिन्याला ४ हजार रुपये आहेत. अठराची ही रेघ किती आंधळी आहे हे विदर्भात नव्यानं सांगायला नको. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर दिव्यांग अनाथ मुलांसाठी अठरानंतरही आसरा हवा म्हणून वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, रेघ मात्र जागच्या जागी आहे.

रेणुकाचा अठरावा वाढदिवस फेब्रुवारीत, ऐन बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर. ही पहिली अडचण, पण सोपी. परीक्षा संपेपर्यंत तिला ठेवावं असा अर्ज आम्ही समितीला दिला आणि तो मंजूर झाला.

खरी अडचण सप्टेंबरमध्ये दारात आली. मोठेबाबांनी समितीकडे अर्ज केला: पुतणीला घरी न्यायचं आहे. आठ वर्षांत तीनदा आलेला माणूस पाच महिने उरले असताना का येतो, हा प्रश्न बालगृहात सगळ्यांनाच पडला होता. उत्तर त्यांनी स्वतःच दिलं, तेही काही न लपवता. सुनावणीनंतर व्हरांड्यात मला म्हणाले, “लगन तर आमीच करून देऊ नं पोरीचं. मंग वावरात तिचं नाव ठेवून काय करता?”

त्या संध्याकाळी सातबारा काढला. आजोबा वारल्यावर वारस नोंद झालेली होती. पाच एकर कोरडवाहू वावर, दोन नावं: मोठेबाबा आणि रेणुका. तिच्या नावापुढे ‘अपाक’ आणि मोठेबाबांचं नाव. अपाक म्हणजे अज्ञान पालनकर्ता. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या नावापुढे पालनकर्त्याची अशी नोंद असते. म्हणजे अडीच एकर काळी जमीन तिची होती आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. अठरा झाले की हा शेरा उतरवता येतो. अठरा झाले की हक्कसोडपत्रावर सहीसुद्धा करता येते.

आता जी चूक झाली ती सांगते. आम्ही तिला लगेच सांगितलं नाही. परीक्षेचं वर्ष आहे, डोकं फिरेल, मोठेबाबांशी तुटेल, अशी आमची कारणं होती. सहा आठवडे आम्ही ती गोष्ट आमच्या फाईलमध्ये ठेवली.

समोरचे पर्याय

रेणुकाला घरी जायचं होतं. हे आधी सांगायला हवं, कारण कार्यकर्त्यांच्या अहवालात ते नेहमी खाली जातं. तिला मोठीआईच्या हातची भाकर हवी होती, चुलतबहिणीबरोबर पोळ्याला बैल बघायचे होते. समितीतल्या एका सदस्याचं मतही तसंच होतं: कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो, घर असताना अनुरक्षण कशाला? मुद्दा चुकीचा नव्हता.

दुसरा पर्याय दुसऱ्या जिल्ह्यातल्या अनुरक्षण गृहाचा होता. तिथं छप्पर आणि जेवण होतं, पण बारावीच्या मैत्रिणी, ओळखीचं मैदान, ओळखीची यवतमाळची गल्ली, सगळं सुटणार होतं. अठरा वर्षांच्या मुलीला महिलांच्या निवारागृहात पाठवण्याचंही कुणीतरी सुचवलं. संकटातून आलेल्या बायांसाठीची ती जागा आहे. अभ्यास आणि धावणं करणाऱ्या पोरीसाठी ती नव्हे, असं मी स्पष्ट लिहून दिलं.

तिसरा पर्याय लग्न. हा कुणी कागदावर लिहीत नाही, पण तो असतोच. शेतकरी पोरांना मुली मिळेनाशा झाल्यापासून वऱ्हाडात बालगृहांच्या दाराशी स्थळं येतात. ‘आमाले काईच नको, फक्त पोरगी द्या,’ असं म्हणत येतात. काही लग्नं चांगली निघतात, हे मी नाकारत नाही. पण अठरा पूर्ण झालेल्या मुलीचं काय करायचं याचं उत्तर म्हणून लग्न आलं, तर ते तिचं उत्तर नसतं. संस्थेची जागा रिकामी करण्याची ती सोय असते.

चौथा पर्याय यवतमाळातच दोन मुलींबरोबर खोली करून राहणं. दोघी बालगृहातूनच बाहेर पडलेल्या, एक नर्सिंगला, एक कापड दुकानात. यात मोकळीक सर्वांत जास्त आणि आधार सर्वांत कमी.

समितीनं मधला मार्ग काढला: दिवाळीत दहा दिवस मोठेबाबांकडे, मग निर्णय. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच होता, आणि तो आमचा नव्हता.

दहा दिवस

ती परत आली तेव्हा बोटं कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेली होती. वेचणीचा हंगाम, घरात माणसं कमी, मोठीआईबरोबर ती पहाटेच वावरात जायची. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती, उलट मजा आली म्हणाली. पाचव्या दिवशी ‘सहज’ चार पाहुणे आले, पोहे झाले, आणि एकतीस वर्षांच्या एका माणसानं तिला विचारलं, “सैपाक येते का?” सातव्या दिवशी चुलतबहिणीनं वावराचं सांगितलं. बहिणीला वाटलं हिला माहीतच आहे.

रेणुका थेट आमच्या ऑफिसात आली. “ताई, तुमाले माहीत होतं नं? मंग मले काऊन नाई सांगतलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोठेबाबांनी लपवलं ते एकवेळ समजू शकतं, पण तिच्या बाजूनं उभे आहोत म्हणणाऱ्यांनी तेच करावं? पुढचे दोन आठवडे ती आमच्याशी कामापुरतंच बोलली. घरी राहायला जायचं नाही, हे तिनं समितीला स्वतः सांगितलं. पण त्याच जबाबात तिनं एक वाक्य आग्रहानं लिहायला लावलं: ‘मोठेबाबांशी माझे संबंध तोडायचे नाहीत.’

त्या वाक्याची किंमत मला नंतर कळली.

काय केलं

पहिलं काम कागदांचं. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. भरतीसाठी तिला अनाथ प्रमाणपत्र हवं होतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून अमरावतीला विभागीय उपायुक्तांकडे जातो, आणि त्याला आईवडील दोघांच्या मृत्यूचे दाखले लागतात. बापाचा दाखला दवाखान्यामुळे होता. आईचा नव्हता. मृत्यूला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी मामाचं शपथपत्र, पंचनामा, ग्रामपंचायतीचा अनुपलब्धता दाखला. आम्ही नोव्हेंबरात सुरुवात केली. बालगृहाच्या फाईलमध्ये ‘आई मयत’ हे दोन शब्द आठ वर्षं होते, पण त्यांच्यामागे कागद आहे का, हे एकदाही कुणी पाहिलं नव्हतं.

दुसरा कागद जातीचा. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तो होता आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, आणि त्याची नक्कल होती मोठेबाबांच्या ट्रंकेत. त्यांचा स्वतःचा जातीचा दाखलाही तिथंच. म्हणजे ज्या माणसापासून वावर वाचवायचं, त्याच माणसाच्या ट्रंकेतून पोरीची जात सिद्ध व्हायची होती. आमच्यातल्या एका सहकाऱ्याला मोठेबाबांना सरळ वकिलाची नोटीस पाठवायची होती. पाठवली असती तर ट्रंक बंद झाली असती. रेणुकानं ते आमच्याआधी ओळखलं होतं.

म्हणून नोटिशीऐवजी बैठक झाली, त्यांच्याच ओसरीवर, मार्चमध्ये. दरम्यान अठरा पूर्ण झाल्यावर तलाठ्याकडे अपाक कमी करण्याचा अर्ज गेला होता आणि फेरफाराची नोटीस गावात लागली होती, त्यामुळे बोलणं टाळण्याची सोय कुणालाच उरली नव्हती. मोठेबाबांचं म्हणणं ऐकल्यावर मला ते तितकेसे वाईट वाटले नाहीत. दहा वर्षं वावर त्यांनीच वाहिलं होतं, त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं. एकरी पाच क्विंटल कापूस धरून आम्ही अंगणातच हिशोब मांडला: बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी. मी मनात एकरी दहा हजार ठोका, म्हणजे वावर वाहण्याचं वर्षाचं ठरीव भाडं, धरून गेले होते. हिशोबात तो बसेना. आठ हजारांवर तुटलं. अडीच एकराचे वर्षाला २० हजार, अर्धे संक्रांतीला, अर्धे गुढीपाडव्याला. हक्कसोड नाही. वकिलानं बजावलं होतं की विदर्भाचा १९५८ चा कूळकायदा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या हक्कांचा कायदा, वेगळा आहे, वहिवाटीचं लेखन जपून करा. म्हणून करार दरवर्षी पाडव्याला नव्यानं लिहायचा ठरला.

जातीच्या कागदांची पिशवी मोठेबाबांनी त्याच दिवशी आमच्या हाती दिली.

एप्रिलमध्ये ती खोलीवर राहायला गेली. तिघींत साडेचार हजार भाडं, तिच्या वाट्याला दीड हजार, मेसचे २ हजार ४००. अनुरक्षणाच्या ४ हजारांतून महिन्याला शंभर रुपये उरत होते, आणि ते ४ हजारही पहिले चार महिने आलेच नाहीत. आदेश झाला होता, निधी यायचा होता. ते १६ हजार आमच्या संस्थेनं उसने दिले. मागे अशी संस्था नसेल तर मुलं त्या चार महिन्यांत काय करतात, याचा हिशोब सरकारी तक्त्यात नसतो. एक गंमत: बाल संगोपन योजनेसाठी ती मोठी झाली होती आणि लाडक्या बहिणीसाठी, जिला एकवीस पूर्ण लागतात, लहान. एसटीचं अर्धं तिकीट तेवढं मिळत होतं.

पहिली दिवाळी

सहा महिने सुरळीत गेले. ती मैदानावर धावत होती, आठशे मीटरची वेळ कमी होत होती, गोळाफेकीत मात्र मागे होती. आम्ही दर पंधरा दिवसांनी फोन करत होतो आणि अहवालात ‘स्थिर’ असं लिहीत होतो.

दिवाळीत नर्सिंगवाली मामाकडे गेली, दुकानवाली मैत्रिणीच्या घरी. मेस पाच दिवस बंद. रेणुकाला ताप भरला होता. मोठेबाबांकडे जायला ती तयार नव्हती. मागच्या दिवाळीचे पाहुणे आठवत होते. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी ती चालत बालगृहाच्या दारापर्यंत गेली. आत आरास चालली होती, लहान पोरींचे आवाज येत होते. चौकीदारानं ओळखलं, पण आत घेतलं नाही. अठरा पूर्ण झालेल्याला रात्री आत घेता येत नाही, हे नियमाला धरूनच होतं. ती एसटी स्टँडवर जाऊन बसली. रात्री नऊला मला फोन आला. “ताई, मी स्टँडवर हाव. गाडी कोनतीच पकडायची नाई, तरी बसून हाव.”

मी गेले. अंगात १०२ ताप होता. त्या रात्री ती माझ्या घरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी बालगृहातून निवृत्त झालेल्या गृहमाता मावशींना आम्ही फोन केला. मावशी रिक्षा करून आल्या, म्हणाल्या, “पोट्टे, मले काऊन नाई सांगतलं?” आणि तिला भाऊबीजेपर्यंत ठेवून घेतलं.

आमच्या आराखड्यात निवारा होता, शिक्षण होतं, बँक खातं होतं, आरोग्य तपासणी होती. सणाला कुठे जायचं, हा रकाना नव्हता. आजारी पडल्यावर पहिला फोन कुणाला, हाही नव्हता. आता आहे, आणि त्यात ‘संस्था’ असं लिहायला मनाई आहे. माणसाचं नाव लिहावं लागतं, त्या माणसाला आधी विचारून.

अनुदानाचा तंटा

डिसेंबरात नवीन वाद उभा राहिला. पावसाळ्यात अतिवृष्टीनं कापूस गेला होता. नुकसानीचं अनुदान आलं, कोरडवाहूला हेक्टरी ८ हजार ५०० च्या दरानं. शेरा उतरल्यावर रेणुकाचा शेतकरी ओळख क्रमांक निघाला होता, म्हणून तिच्या वाट्याचे साडेआठ हजारांवरचे पैसे थेट तिच्या खात्यात. मोठेबाबा तणतणत यवतमाळला आले. पेरलं त्यांनी, खर्च त्यांचा, बुडालं त्यांचं, आणि पैसे पोरीला.

आमच्या करारात याबद्दल एक ओळ नव्हती. कायद्यानं पैसा सातबारावाल्याचा, व्यवहारानं पेरणाऱ्याचा. आमच्यात दोन मतं पडली. रेणुकानं कुणालाच विचारलं नाही. सगळे पैसे मोठेबाबांना काढून दिले आणि म्हणाली, संक्रांतीचे दहा हजार तेवढे वेळेवर द्या. मला ते जरा भोळेपणाचं वाटलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दहा हजार आले, पूर्ण.

पुन्हा करायचं झालं तर

मृत्यूचे दाखले मूल संस्थेत येतं त्या वर्षी काढायचे. आईच्या दाखल्याला आम्हाला जवळपास सव्वा वर्ष लागलं, आणि अनाथ प्रमाणपत्र हाती आलं तेव्हा भरतीचा अर्ज भरण्याची मुदत उलटून गेली होती. तिनं अर्ज इतर मागासवर्गातून भरला.

सातबारा मूल दहावीत असतानाच काढावा आणि मुलाला दाखवावा. पालनकर्त्यानं अज्ञानाची जमीन विकली असेल तर तो व्यवहार रद्द करून घेण्याची मुदत अठरा पूर्ण झाल्यापासून तीन वर्षंच असते. रेणुकाच्या बाबतीत विक्री झाली नव्हती, हे आमचं नशीब. शेतकरी घरातली किती मुलं बालगृहात आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या नावापुढे असा शेरा आहे, हे पाहायला कुणाला फार वेळ लागणार नाही. गट नंबर माहीत असला की पुरे.

आणि ते सहा आठवडे. ते मी परत घेऊ शकत नाही.

घरी पाठवायचं की नाही, या प्रश्नाला आम्ही हो किंवा नाही असं उत्तर शोधत होतो. तिला घरी राहायचं नव्हतं, पण घर हवं होतं. मोठेबाबांच्या अर्जामागे वावर होतं हे खरं, पण दहा दिवसांत मोठीआईनं तिला जवळ घेऊन निजवलं, हेही खरं. समितीच्या आदेशात या दोन्ही गोष्टी एकत्र लिहायला जागा नसते.

सध्याची स्थिती

रेणुका एकोणीस वर्षांची आहे. भरतीत शारीरिक चाचणीत आठशे मीटरला चांगले गुण पडले, गोळ्यात गेले, लेखीपर्यंत पोचली नाही. आता सकाळी मैदान, दुपारी एका मेडिकल दुकानात काउंटरवर, आणि मुक्त विद्यापीठातून बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश. अनाथ प्रमाणपत्र तिच्या ट्रंकेत आहे, लॅमिनेट करून. पुढच्या भरतीची ती वाट बघते आहे.

यंदा पाडव्याला मी तिला विचारलं होतं, गावाला मी येऊ का सोबत. नको म्हणाली. एकटी गेली, अर्ध्या तिकिटावर. दुसऱ्या दिवशी फोन केला तिनं. उरलेले दहा हजार मिळाले, वर मोठीआईनं पायलीभर तूरडाळ दिली, आणि नवीन वर्षाचा करार लिहून झाला. त्यात अनुदान अर्धं अर्धं असं तिनंच घालायला लावलं होतं.

मी विचारलं, “मोठेबाबांची सही घेतली का?”

“घेतली,” म्हणाली, “अन् फोटोबी काढला.”